सुमनबाईचं शेवटचं कडवं

फुकट हा शब्द माह्यासमोर काढू नका. सकाळी दुकान उघडताना तर अजिबात नको. तुमसरच्या बाजारात माहं कॅसेटचं दुकान होतं, ते ह्या फुकटानं खाल्लं. आता त्याच गाळ्यात माहा पोरगा भूषण मोबाइलचे कव्हर अन् चार्जर विकते. पाटी मात्र मी बदलू दिली नाही. 'भूषण कॅसेट सेंटर' अजून तसंच आहे. परवा एक पोट्टं विचारते, काका, कॅसेट म्हणजे काय? म्हणलं, जाऊन तुह्या बापाले विचार.

पण मी माहं रडगाणं सांगाले बसलो नाही. मले चिंधूभाऊचं सांगायचं आहे. चिंधू उके. नाव तुम्ही ऐकलं नसन, गाणं मात्र ऐकलं असन, तेच तर दुखते.

चिंधूभाऊ चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कामाले होते. ड्युटीभर जमिनीखाली, अन् वर आले की आंघोळ करून पेटी पुढ्यात. कॉलनीतल्या विहारापासून तर पार पवनी-लाखांदूरपर्यंत त्याइच्या गायन पार्टीले बोलावणं असे. 'चिंधू उके आणि पार्टी.' ढोलकीवर सोमाजी म्हणून त्याइच्याच पाळीतला एक माणूस, अन् मागं कोरसमधे चार बाया. त्यातली डाव्या टोकाची, डोक्यावरचा पदर कधी खाली न येऊ देणारी, ती सुमनबाई, चिंधूभाऊची बायको.

आता खरं असं, अन् हे पार्टीतल्या सगळ्याइले माहीत होतं, की गाणी सुमनबाईची. तिले लिहाले येत नव्हतं. तांदूळ निवडता निवडता ती ओळ बांधे, चूल सारवता सारवता दुसरी ओळ जोडे, अन् चिंधूभाऊ घरी आले की त्याइले म्हणून दाखवे. मग ते पेटीवर चाल लावत. एखादा शब्द नाही बसला तर तोंड वाकडं करत, अन् ती म्हणे, "तुमची पेटी वाकडी आहे, माहा शब्द सरळ आहे." असं त्याइचं चाले.

अन् ह्या गाण्याइचा आमच्या इकडं एक रिवाज आहे. ज्यानं गाणं बांधलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येते. गाणं कितीही लांब असो, बाया लेकरं मांडीवर घेऊन बसून राहतात, नाव आल्याशिवाय कोणी चटई सोडत नाही. सुमनबाई सगळ्या गाण्यात 'चिंधू म्हणे' असंच घाले. पार्टी त्याइची, तर नाव त्याइचं. तिले त्यात काही वावगं वाटत नव्हतं, अन् तेव्हा कोणालेच वाटत नव्हतं.

एकाच गाण्यात तिनं आपलं नाव घातलं. छप्पन साली तिची माय सिहोऱ्याहून नागपूरले दीक्षा घ्याले गेली, तेव्हा सुमनबाई पोटात होती. घरचे म्हणत होते, अशा दिवसात कायले जाते. म्हातारी म्हणे, तेव्हा कायची म्हातारी, वीस-बावीस वर्षांची पोरगी, म्हणे, पोटातल्याले पण नेतो. हे सगळं मायच्या तोंडून ऐकून सुमनबाईनं गाणं बांधलं होतं.

माय चालली नागपुरा, भाकर बांधून पदरात,
एक जीव चाले वाटेनं, एक जीव पोटात.

गाणं लांब होतं. वाटेतली गावं येत, नदी येत, पायाले आलेले फोड येत, भाकर वाटून खाणाऱ्या बाया येत. पोटातलं लेकरू मुलगा की मुलगी, पुढं त्याचं काय झालं, काहीच सांगत नाही. अन् मग दहा-बारा मिनिटांनी, पेटी थांबवून, नुसत्या ढोलकीवर शेवटचं कडवं.

पाहिलं नाही डोळ्यांनी, ऐकलं मी पोटात,
सुमन म्हणे तोच शब्द अजून माह्या ओठात.

मी सिहोऱ्याच्या कार्यक्रमात हे पाहिलं आहे म्हणून सांगतो. चिंधूभाऊ 'सुमन म्हणे' म्हणत, अन् मागं न पाहता डावा हात मागं करत, ही पहा, ही बसली आहे. मांडवातल्या बाया एकदम तिच्याकडं पाहत. पोटातलं लेकरू चाळिशी ओलांडलेलं, पदर घेऊन समोर बसलेलं. ज्या बाईनं कधी माइकले हात लावला नाही ती खाली मान घालून आपल्या बोटातली अंगठी फिरवत राही. मी कोष्ट्याचा माणूस, मोहाडीचा. बापाच्या हातमागाचा खटखटाट ऐकत मोठा झालो, डोळ्यात पाणीबिणी येणाऱ्यातला नाही. त्या दिवशी आलं.

मीच चिंधूभाऊले म्हणलं, ह्याची कॅसेट काढा. गोंदिया निराळा जिल्हा होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. तेव्हा कॅसेटचा जमाना जोरात होता, जयंती जवळ आली की माह्या दुकानात पाय ठेवाले जागा नसे. नागपूरच्या एका कंपनीचा माणूस माह्या ओळखीचा होता, त्यानं पार्टीचं रेकॉर्डिंग करून घेतलं. चिंधूभाऊनं सोमाजीले नवीन शर्ट शिवून दिला, जसं काही शर्टाचा पण आवाज येणार होता.

कॅसेट आली त्या दिवशी दोघंही चिखल्याहून एसटीनं आले. मी दुकानातला मोठा टेप लावला. सुमनबाई बाकावर टोकाशी बसली. 'माय चालली' हे गाणं ए साइडचं शेवटचं होतं. गावं झाली, नदी झाली, फोड झाले. पेटी थांबण्याची जागा आली. अन् आवाज हळूहळू बारीक होत गेला, बारीक होत गेला, खट्ट. साइड संपली.

मी म्हणलं बी साइडले असन. उलटी करून लावली. दुसरंच गाणं.

कंपनीच्या माणसाले फोन केला, तर तो म्हणे, नंदलालजी, टेपची लांबी संपली, एका कडव्यानं काय बिघडते, मेन गाणं तर आलं ना. मी त्याले जे बोललो ते इथं सांगता येत नाही. चिंधूभाऊचा चेहरा पार उतरला. सुमनबाईच बोलली. म्हणे, "जाऊ द्या ना. लोकाइले मायचं गाणं ऐकू आलं म्हणजे झालं."

"पुढच्या वेळी पूर्ण घेऊ," चिंधूभाऊ म्हणाले. "तुह्या नावासकट."

"घ्या. कायची घाई आहे," ती म्हणाली, अन् माह्या बायकोसाठी आणलेली वड्याइची पिशवी माह्या हातात देऊन एसटी चुकन म्हणून उठली.

ती पुढची वेळ काही आली नाही. त्या कंपनीनं मग हिंदी गाण्याइच्या कॅसेटी भरणं सुरू केलं. सीडी आली, एका सीडीत शेकडो गाणी, तीही चोरून भरलेली, रस्त्यावर ढीग लावून विकाले. कॅसेटले धूळ चढली. अन् सुमनबाईले पोटाचं दुखणं लागलं. भंडाऱ्याले दाखवलं, नागपूरले दाखवलं. चिंधूभाऊले रिटायर व्हाले थोडे महिने राहिले होते, तेवढ्यात ती गेली. मी चिखल्याले गेलो होतो. चिंधूभाऊ रडले नाही. सोमाजीले एकच म्हणे, "तिचं नाव राहून गेलं गा." पुन्हा पुन्हा तेच.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. त्याइचा मुलगा संघपाल तुमसरलेच एका ऑफिसात कारकून आहे, त्याच्याकडं ते राहाले आले. अन् एक दिवस माह्या दुकानात येऊन म्हणतात, "नंदलालभाऊ, मी स्वतःची सीडी काढून राहिलो. त्यात ते गाणं पूर्ण घेतो. अन् सगळी फुकट वाटतो."

मी डोक्याले हात लावला. म्हणलं, "चिंधूभाऊ, माह्या पोटावर तर पाय देऊन राहिलेच तुम्ही, पण स्वतःच्या पायावर कुऱ्हाड काहून मारता? फुकटच्या वस्तूले माणूस हात लावते, कान लावत नाही."

ते शांतपणे म्हणाले, "विकलं तर जो घेईन तोच ऐकन. मले सगळ्याइनं ऐकाले पाहिजे. तिचं नाव मी विकू कसा?"

तरी मी बोललो, माहा स्वभावच तसा. म्हणलं, "मग एक काम करा. नाव पहिल्याच कडव्यात टाका. सीडी लावली की पहिलं सुमन. आजकाल लोकाइले धीर नाही, अर्धं ऐकून पुढचं लावतात. मी गल्ल्यावर बसून रोज पाहतो."

चिंधूभाऊ एवढं हसले की खोकला आला. "अजी, असं कुठं असते काय? पहिलं नाव बाबासाहेबाचं. मग मायचं. मग वाटेत ज्याइनं पाणी पाजलं त्याइचं. आपलं नाव शेवटी, दार लावताना. पहिल्यांदीच आपलं नाव घेईन तो गवय्या कायचा, तो तर निवडणुकीचा भोंगा झाला." अन् मग गंभीर होऊन म्हणाले, "अन् तिनं बांधलं तसं म्हणतो मी. तिचा शब्द सरकवाले माही छाती नाही."

त्याइचं खरं होतं, अन् तीच चूक होती. आजपर्यंत मले ह्या दोन्हीतलं एक निवडता आलं नाही.

रेकॉर्डिंगले मी सोबत गेलो होतो, नागपूरले. ढोलकीवर सोमाजीच. गाणं पूर्ण झालं, शेवटच्या कडव्याले पेटी थांबली, अन् 'सुमन' म्हणताना चिंधूभाऊचा आवाज अडकला. थोडा वेळ नुसती ढोलकी. मग 'म्हणे' आलं. काचेपलीकडचा पोरगा म्हणाला, काका, हे पुन्हा घेऊ. चिंधूभाऊ म्हणे, "नाही, तसंच राहू दे. ती तिथं थांबली आहे." सोमाजीनं ढोलकी काखेत घेतली अन् बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढच्या जयंतीले चिंधूभाऊनं खांद्याले शबनम अडकवून सीड्या वाटल्या. तुमसर, मोहाडी, भंडाऱ्याचा मोठा चौक. प्रत्येकाले हात जोडून म्हणत, "शेवटपर्यंत ऐका हो." लोक घेत. फुकट कोण नाही घेत? काही जण दोन-दोन घेत. माह्या दुकानातही त्याइनं एक ठेवली, ती मी काचेच्या कपाटात वर ठेवली, विकाले नाही अन् वाटाले पण नाही.

त्या वर्षी धान लोंबीवर आलं तेव्हा ते सिहोऱ्याले गेले होते, सुमनबाईच्या भावाकडं. परत आले ते थेट दुकानात आले अन् बाकावर बसले. मी चहा सांगितला. म्हणाले, "शेताच्या धुऱ्यावर दोरी बांधली आहे एकानं. तिले सीड्या टांगल्या. उन्हात चमकतात, पाखरं भेतात. तीन-चार तर आपल्याच आहेत, वरचा माहा फोटो दिसते ना."

माहं डोकं सणकलं. "कोणाचा धुरा आहे? नाव सांगा, मी जाऊन शिव्या हासडतो त्याले."

"जाऊ द्या ना, भाऊ," ते म्हणाले. "धान तर वाचलं." अगदी तिच्यासारखंच म्हणाले, जाऊ द्या ना. मग चहा न पिताच गेले.

असं वाटत होतं की संपलं. पण गाण्याचं काही सांगता येत नाही. कोणीतरी त्या सीडीवरून गाणं काढून मेमरी कार्डात टाकलं, त्या कार्डातून दुसऱ्या कार्डात, मोबाइलमधून मोबाइलमधे. मग एका डीजेवाल्यानं त्याचा मिक्स बनवला. खाली धाड धाड धाड, वर चिंधूभाऊचा आवाज पळवलेला, बारीक केलेला. अन् काय सांगू बाप्पा, गाणं असं पेटलं की जयंतीची मिरवणूक असो, कोणाची वरात असो, 'माय चालली नागपुरा' वाजल्याशिवाय पोट्टे हलत नाहीत. गोंदियाले वाजे, चंद्रपूरले वाजे. माह्या दुकानासमोरून ऑटो जाई त्यात वाजे. फक्त पहिली दोन कडवी. माय निघते, भाकर बांधते, धाड धाड, माय चालते, अन् लगेच दुसरं गाणं. नागपूरले ती काही पोचत नाही.

भूषणनं मोबाइलवर दाखवलं. डीजेचं नाव मोठ्या अक्षरात, त्याच्या ट्रकचा फोटो, अन् खाली बारीक लिहिलेलं, 'गीत : पारंपरिक'. मले वाटलं आता हा मोबाइलच फोडावा. पारंपरिक म्हणजे काय, तर ज्याले माय-बाप नाही ते. अरे, ती बाई माह्या ह्या बाकावर बसली होती.

चिंधूभाऊले मी सांगणार नव्हतो, पण त्याइचे कान तर गेले नव्हते ना. त्या वर्षीच्या चौदा एप्रिलले संध्याकाळी आम्ही दोघं चौकात उभे होतो. चिंधूभाऊच्या अंगात पांढरा सदरा, पांढरं धोतर, छातीवर निळी रिबीन. डीजेचा ट्रक आला. गाणं सुरू झालं अन् सगळा चौक एका तोंडानं म्हणाले लागला. पोरं, पोरी, पाठीवर लेकरू घेतलेल्या बाया. एवढ्या लोकाइच्या तोंडी आपली ओळ ऐकून कोणीही हुरळलं असतं. चिंधूभाऊनं माहा हात घट्ट धरला होता. ते शेवटाची वाट पाहत होते, मले समजत होतं, अन् शेवट येणार नाही हेही मले माहीत होतं.

दोन कडवी झाली. दुसरं गाणं लागलं.

ते माहा हात सोडून सरळ ट्रकापाशी गेले. मी मागं पळालो. वर मशीनपाशी बसलेल्या पोरानं मोठ्या अदबीनं खाली वाकून कान दिला, पोरगा वाईट नव्हता. चिंधूभाऊ ओरडून म्हणाले, "बाबू, त्याचं शेवटचं कडवं राहिलं. ते वाजव ना."

"आजोबा, एवढंच आहे ते. पारंपरिक आहे ना, कोणाले पूर्ण माहीतच नाही," तो म्हणाला.

मी सांगाले जाणार होतो, अबे, हाच तो माणूस आहे. चिंधूभाऊनं मले हातानं थांबवलं. अन् तिथंच, त्या भिंतीएवढ्या स्पीकरपाशी उभं राहून, डोळे मिटून, ते गाऊ लागले. मी अगदी जवळ होतो, तरी मले एक अक्षर ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलत होते. ओठावरून समजलं, 'पाहिलं नाही डोळ्यांनी'. मग डावा हात मागं गेला. मागं नाचणारी पोरं होती, त्याइनं बुढा नाचून राहिला समजून हात धरून त्याइले रिंगणात ओढलं.

त्या दिवसानंतर त्याइचा गळा बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणे वयाचं आहे. असन वयाचं. मले काय समजते.

मीच मग भूषणले म्हणलं, जे फुकटानं बिघडवलं ते फुकटात टाकून पाहू. माह्या कपाटातली सीडी काढली. भूषणनं कुठूनतरी जुना कॉम्प्युटर आणला, त्यातून पूर्ण गाणं काढलं अन् यूट्यूबवर चढवलं. खाली मी सांगून लिहवलं, 'गीत : सुमनबाई उके, चिखला. गायक : चिंधू उके. शेवटपर्यंत ऐका.' सोबत सुमनबाईचा फोटो, राशन कार्डासाठी काढलेला, दुसरा नव्हताच.

तेव्हापासून चिंधूभाऊ रोज दुकानात येऊ लागले. गळ्यातून घोगरा आवाज निघे, "काय म्हणते गाणं?" भूषणच्या मोबाइलमधे सगळं दिसते. किती जणांनी उघडलं, अन् कोण कुठपर्यंत थांबलं, त्याची एक रेघ असते. ती रेघ पहिल्यांदी वर असे, अन् दुसऱ्या कडव्यानंतर विहिरीत पडल्यासारखी खाली जाई. लोक डीजेचं गाणं समजून उघडत, धाड धाड नाही म्हणून बंद करत. भूषण बिचारा नरमाईनं सांगे. चिंधूभाऊ चष्मा लावून त्या रेघेकडं पाहत अन् बोटानं तिचं टोक दाखवून विचारत, "इथं कोणीच नाही?"

"नाही काका."

"पाहू उद्या."

पावसाळा गेला. अन् एक दिवस भूषण म्हणाला, "काका, कोणीतरी आहे. रोज एक जण शेवटपर्यंत ऐकून राहिला. पूर्ण."

चिंधूभाऊ उभे राहिले. "रोज?"

"रोज. सकाळी सकाळी."

त्या माणसाचा चेहरा मी तुम्हाले काय सांगू. बोळक्या तोंडानं असे हसले की मले सिहोऱ्याचा कार्यक्रम आठवला. दुसऱ्या दिवशी दाढी करून आले. सोमाजीले फोन लावून सांगितलं, संघपालले सांगितलं, समोरच्या पानवाल्याले सांगितलं. रोज बाकावर बसून एकच चर्चा, तो कोण असन.

"सिहोऱ्याचा असन कोणी," ते म्हणत. "तिच्या मायले ओळखणारा. नाहीतर एवढं पूर्ण कोण ऐकते? तिच्या मायसोबत ज्या बाया गेल्या होत्या त्याइच्यातल्या एखादीचा नातू असन."

"असन," मी म्हणे.

मलेही खरं वाटत होतं. मग एक दिवस संघपालची पोरगी खुशबू दुकानात आली. कॉलेजात जाते, गोड पोरगी, आज्यावर फार जीव. मोबाइलले काच बसवाले आली होती. भूषण काच बसवत होता अन् ती माह्यापाशी तक्रार करत होती, "काका, आजोबा रोज सकाळी माहा मोबाइल घेऊन बसतात. आजीचं गाणं लावून देतो मी, कानापाशी धरून पूर्ण ऐकतात. मले क्लासले उशीर होते, पण म्हणता येत नाही ना काही."

भूषणचे हात थांबले. त्यानं माह्याकडं पाहिलं. मी मान हलवली, गप्प राहा.

चिंधूभाऊच्या डोक्यात ते कधी आलंच नाही. का यावं? आपल्याच घरात, आपल्याच बायकोचं गाणं आपण ऐकलं तर ते कोण मोजते, असा त्याइचा हिशेब. ऐकणारा म्हणजे बाहेरचा. घरचा माणूस काही ऐकणाऱ्यात येत नाही. रोज सकाळी नातीचा मोबाइल कानाले लावून ते स्वतः ऐकत, अन् दुपारी येऊन विचारत, "आज आला होता काय तो?"

भूषण खाली मान घालून म्हणे, "आला होता, काका."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"माणूस इमानाचा आहे," चिंधूभाऊ म्हणत, अन् समाधानानं चहा पीत.

मी फुकट शब्दाले शिव्या देणारा माणूस. खोटं बोलणाऱ्याले पण देतो. पण ह्या खोट्यात मी रोज सामील होतो अन् मले त्याचं काही वाटलं नाही.

थंडीत ते गेले. सकाळी, बसल्या जागी. संघपाल सांगत होता की खुशबूचा मोबाइल मांडीवर होता. गाणं कुठपर्यंत ऐकलं ते कोणाले माहीत नाही. पुण्यानुमोदनाले सोमाजी आला होता, ढोलकी नाही आणली. जेवताना माह्यापाशी बसला. म्हणे, "तो रोज ऐकणारा यायला पाहिजे होता गा आज. त्याले बोलावता आलं नसतं का मोबाइलवरून?" मी वाढणाऱ्याले हाक मारून त्याच्या पानात भात वाढाले लावला.

परत आल्यावर मी भूषणले काही विचारलं नाही. त्यानंच एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, मोबाइल माह्यासमोर ठेवला. रेघ दुसऱ्या कडव्यापाशी खाली गेली होती, अन् पुढं टोकापर्यंत सपाट. "बाबा, आता कोणीच नाही," तो म्हणाला. अन् मोबाइल उचलून तेवढ्यात आलेल्या एका पोरीचं रिचार्ज करू लागला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठलो. बायको म्हणे, काहून, कुठं जाता? म्हणलं, कुठं नाही, झोप. अंगणात खुर्ची टाकली. मले ह्या मोबाइलचं काही समजत नाही, पण तेवढं एक गाणं लावाले मी भूषणपाशी शिकलो होतो. माय निघाली. भाकर बांधली. गावं आली, नदी आली, पायाले फोड आले. दोनदा वाटलं की बंद करावं, सहन होत नव्हतं. पेटी थांबली. नुसती ढोलकी. 'सुमन', अन् मग ती अडकलेली जागा. मी वाट पाहिली. 'म्हणे.'

दुपारी भूषण मोबाइल घेऊन गल्ल्यापाशी आला. चेहरा उजळलेला. पोरगं माहं लहान नाही, दोन लेकराइचा बाप आहे, पण लेकरासारखं म्हणाला, "बाबा, आज कोणीतरी पूर्ण ऐकलं. शेवटपर्यंत."

मी चार्जरचे डबे नीट लावत होतो. मान वर केली नाही.

"सिहोऱ्याचा असन कोणी," म्हणलं.